फुग्यावरची दाढी

फुगा पुन्हा फुटला. फेस आरशावर उडाला आणि खोलीतली सगळी मुलं दचकली.

"गेला बिचारा," कुणीतरी म्हणालं. "घरच्यांना कळवा."

हसली ती फक्त पुलाअलीकडची मुलं. पलीकडची समोरच्या भिंतीला टेकून उभी होती.

केंद्र चालवणाऱ्या ताईंनी आरसा पुसला. पुलावरच्या मारामाऱ्या थांबाव्यात, दोन्हीकडच्या मुलांना हाताशी काही काम असावं, म्हणून त्यांनी हा केशकर्तनाचा वर्ग सुरू केला होता. केंद्राच्या समितीने परवानगी दिली ती अट घालून. वस्तरा चालेल, पण फुग्यावरच. माणसाच्या गळ्याला लागला, तर केंद्राला कुलूप. नजर ठेवायला जिन्यापाशी पहारेकरीही बसवला होता.

"माझ्या दुकानात फुगे येत नाहीत दाढीला," शिकवणारे मास्तर कातावून म्हणाले. "माणसावर हात बसल्याशिवाय यांना कामावर कोण घेईल? उद्यापासून मी काही येत नाही, ताई."

"समितीपुढे डोकं आपटून झालं हो माझं."

"मग पोरांना पुलावर परत पाठवा. तिथे नाही अट."

ताई हातातलं फडकं पिळत राहिल्या.

तेवढ्यात अलीकडच्या मुलांतला पैलवान उठला. नावाचाच पैलवान, अंगावर मूठभर मांस नाही. खुर्चीवरची फुग्याची चिंधी झटकून तो बसला आणि मान मागे टाकली.

"डावऱ्या, फेस लाव."

डावऱ्याच्या चुलतभावाने पुलावर पैलवानाच्या दादावर वार केला होता. दादाचा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता.

"मीच का?" पलीकडच्या भिंतीपासून डावरा म्हणाला.

"तुझा फुगा कधी फुटलाय का? या बाकीच्यांपुढे कोण मान देईल?"

डावऱ्याने ताईंकडे पाहिलं. ताई दाराकडे वळल्या.

पातं बदलल्याचा बारीक आवाज झाला.

"जपून चालव," पैलवान म्हणाला.

"मग बोलू नकोस. गळा हलतो."

दारापाशी पावलं वाजली. ताई चौकट अडवून उभ्या राहिल्या.

"आवाज थांबला तो फुग्यांचा?" पहारेकऱ्याने विचारलं.

फुग्यांची भरलेली पिशवी ताईंनी पाठीमागे धरली.

"संपले," त्या हळूच म्हणाल्या.