अठरा वेळा पास

आमच्याकडे कुणाच्याही गाडीचा नंबर सरकारी साइटवर टाकला की तिचं प्रगतिपुस्तक उघडतं. दर वर्षीची तपासणी कधी झाली, पास की नापास, तपासनिसाने काय शेरा मारला, सगळं जगाला दिसतं. माझ्या मोटरसायकलच्या पानावर अठरा नोंदी होत्या; त्याआधीच्या साइटवर कुणाच्याच नाहीत. अठराच्या अठरा पास आणि शेरा एकही नाही. गाडी जपानी क्रूझर, लांबलचक, बुटकी, क्रोमने मढवलेली आणि सत्तावीस वर्षांची. या वयाच्या गाड्या दोन-तीन वर्षांत एकदा तरी लटकतात. कुणाचा ब्रेक जातो, कुणाचं बेअरिंग वाजतं. माझी कधीच लटकली नाही.

आणि मी हे सांगत सुटायचो. दर रविवारी माळावरच्या वळणावर चहाच्या टपरीपाशी आमचा मोटरसायकलवाल्यांचा घोळका जमतो. तिथे नवीन कुणी दिसला की मी त्याच्याच फोनवर माझा नंबर टाकायला लावायचो. "बघ, बघ. खाली सरकव अजून." बायको ग्लेनिस तेवढ्यापुरती टपरीच्या मागे जाऊन उभी राहायची.

आता खरं सांगतो. सांगायला आवडत नाही, पण सांगतो.

नेव्हिल, क्लाइव्ह आणि मी, तिघांनी एकाच वर्षी एकाच मॉडेलच्या गाड्या घेतल्या. एका वर्षी नेव्हिलच्या गाडीचं मागचं टायर पार गुळगुळीत झालं होतं, नवीन मागवलेलं आलं नव्हतं आणि तपासणी दुसऱ्या दिवशी. मी म्हटलं, माझं चाक लाव उद्यापुरतं. लावलं, गाडी पास झाली आणि आम्ही तिघे हसून हसून बेजार झालो. पुढच्या वर्षी आम्ही एक जादा चाकच घेतलं. त्यावर नवं टायर चढवलं, जोडीला शांत आवाजाचे दोन सायलेन्सर ठेवले आणि या सगळ्याचं नाव पाडलं 'रविवारचा सूट'. माझी तपासणी एप्रिलच्या शेवटी, क्लाइव्हची मेच्या सुरुवातीला, नेव्हिलची जूनमध्ये. सूट त्या क्रमाने फिरायचा. तपासणी झाली की ज्याने त्याने आपलं जुनं चाक आणि फटफटणारे पाइप परत चढवायचे, आणि जुनं टायर आतले धागे दिसेपर्यंत वापरायचं. नवीन टायर घेणं आम्हाला परवडत नव्हतं असं मुळीच नाही. बिनबोभाट चालत होतं, एवढंच.

तपासनीस डेस याला संशय होता का, देव जाणे. एकदा वाकून चाक बघता बघता तो म्हणाला, "ट्रेव्हर, तुझं मागचं टायर दर वर्षी तरुण होतंय. मलाही सांग की काय खातं ते." मी हसलो. तोही हसला आणि पासचा कागद दिला.

नेव्हिल गेल्या हिवाळ्यात वारला. आजारपणात त्याची गाडी आधीच विकली गेली होती. त्याची मुलगी हेझल इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे. बापामागे बसून वाढलेली पोर. तिने मोठ्या गाडीचं लायसन्स काढलं आणि एप्रिलमध्ये आईला घेऊन आमच्या दारात उभी राहिली. माझे गुडघे आता त्या गाडीचं वजन पेलत नव्हते, हे तिला ठाऊक होतं.

"काका, मला बाबांसारखीच गाडी हवी. तुमची द्याल?"

मी हो म्हणालो. गुरुवारी तपासणी करून घेतो, रविवारी घेऊन जा, असं ठरलं. गुरुवारी अठराव्यांदा पास झाली. शनिवारी सकाळी क्लाइव्हचा फोन आला.

"ट्रेव्हर, सोमवारी माझी तपासणी आहे. चाक कधी आणतोयस?"

"अरे, गाडी हेझलला देतोय."

"गाडी दे ना. चाक तिघांचं आहे. तिला सांग टायर बदलून घे म्हणून, एवढं काय त्यात?"

त्यात एवढं काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. दोन दिवसांपूर्वी पास झालेल्या गाडीचं टायर बदलायला सांगायचं, तर का बदलायचं तेही सांगावं लागणार. मग सतरा वर्षांची सगळी बढाई एका वाक्यात माती होणार. तरी मी चाक उतरवलं. आपलं जुनं चढवलं. मधल्या पट्ट्यात नक्षीचा मागमूस नव्हता आणि एका जागी कापडाचे धागे दिसत होते. ती जागा मी फिरवून मडगार्डखाली वर नेऊन ठेवली. हे मी केलं, माझ्या हातांनी केलं.

रविवारी हेझल आणि तिची आई लिन आल्या. लिन आमची चाळीस वर्षांची मैत्रीण. तिच्या लग्नात मी नेव्हिलचा टाय बांधून दिला होता. तिने फोन पुढे केला. त्यावर माझ्या गाडीचं पान उघडं होतं.

"नेव्हिल म्हणायचा, ट्रेव्हरची गाडी डोळे मिटून घ्यावी," ती म्हणाली.

"काका, काही बदलून घ्यायला हवंय का?" हेझलने विचारलं. सरळ विचारलं. यापेक्षा सोपा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नसेल.

"नाही गं. जपून चालव, बस," मी म्हणालो. वर तिला माझा पायपंप भेट दिला.

पुढचे आठ दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो. इस्पितळ दोन मैलांवर. इतक्यात काय होणार? आज सांगू, उद्या सांगू. गुरुवारी जेवताना ग्लेनिस म्हणाली, "ऐकलंस का? रविवारी हेझल लिनला मागे बसवून व्हिटबीला नेतेय. समुद्रावर मासे खायला. आपण टपरीपाशी जाऊन त्यांना टाटा करायचा. लिनने तर चामड्याचं जाकीटसुद्धा आणलंय, एकाहत्तराव्या वर्षी!"

 व्हिटबी म्हणजे जाऊन येऊन पावणेदोनशे मैल, माळावरची वळणं, आणि मागे लिन.

शुक्रवारी मी जे केलं ते लिहिताना आजही कान तापतात. हेझल कामावर आणि लिन चर्चच्या हॉलमध्ये भाजीच्या रोपांच्या विक्रीला, हे मला ठाऊक होतं. मी त्यांच्या घरी गेलो, फाटक उघडलं, मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हमध्ये काडी खुपसली आणि सगळी हवा सोडली. माझा हिशेब असा, की चाक बसलेलं बघून ती टायरवाल्याकडे नेणार, टायरवाला बोंब मारणार आणि नवं टायर चढणार. मी नामानिराळा. सत्तरीचा माणूस दुसऱ्याच्या अंगणात ओणवा होऊन हवा सोडतोय, आणि मनात स्वतःला शाबासकी देतोय, की बघ, शेवटी तिचा जीव वाचवलास.

शनिवारी लिनचा फोन आला. "अरे, काल चाक बसलं होतं. हेझलने तुझ्याच पंपाने हवा भरली. रात्रभर टिकली बघ! व्हॉल्व्हमध्ये कचरा गेला असेल म्हणते. पंप दिलास ते फार बरं केलंस रे."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. आता तरी बोलायचं की नाही? फोन कानाला होता. मी घरात एकटाच होतो. मी म्हणालो, "उद्या हवा छान आहे म्हणे."

रात्रभर पावसाची वाट बघितली. पाऊस पडला असता तर त्या गेल्या नसत्या. आमच्या भागात पाऊस नको तेव्हा हजर असतो. रविवार मात्र लख्ख उजाडला.

टपरीपाशी पंधरा-वीस जण होते. कुणी चहा घेत होतं, कुणी बेकनचा पाव खात होतं. क्लाइव्हही होता. हेझल वळण घेऊन आली तशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागून लिन उतरली. नव्या जाकिटात ती आखडून चालत होती आणि गालांवर लाली आली होती.

"काय ट्रेव्हर, जळफळाट होतोय की नाही?" कुणीतरी ओरडलं. "अठरा वेळा पास झालेली पोरगी दिली सासरी!"

सगळे हसले. लिनने अर्धा कप चहा घेतला, हेल्मेट परत घातलं आणि मागच्या सीटवर बसायला पाय उचलला. तो पाय मी बघितला आणि माझ्या तोंडातून शब्द निघाले.

"लिन, बसू नकोस. टायर खराब आहे."

हेझलने मागे वळून बघितलं. उतरून तिने गाडी हाताने थोडी पुढे ढकलली. चाक फिरलं आणि ती जागा समोर आली. क्लाइव्हने आपला चहा निरखायला सुरुवात केली. एका पोराने वाकून अंगठा फिरवला आणि पटकन काढून घेतला.

"बाप रे," तो म्हणाला. "धागे आहेत की हे."

"काका, बरं झालं तुम्ही बघितलंत," हेझल म्हणाली. ती फिकी पडली होती. "मला कसं दिसलं नाही? आई, बघ, म्हणून मी म्हणत होते, गाडी घ्यावी तर ट्रेव्हरकाकांकडूनच."

इथे गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. वर वाहवा मिळाली असती. माझं मन क्षणभर तिकडे गेलंही होतं, खोटं कशाला बोलू? पण लिन माझ्याकडे कृतज्ञतेने बघत होती, आणि ते मला सोसवेना.

"मी आत्ता नाही बघितलं," मी म्हणालो. "मला ठाऊक होतं. विकायच्या आदल्या दिवशी चांगलं चाक मी काढून घेतलं. दर वर्षी तपासणीला तेच लावायचो आणि नंतर काढायचो. अठराच्या अठरा वेळा नाही, पण सतरा वेळा. शुक्रवारी हवासुद्धा मीच सोडली. वाटलं, तू टायरवाल्याकडे जाशील."

कुणी हसेना. टपरीवाल्याने पाव उलटायचं थांबवलं.

"म्हणजे मला सांगायच्या ऐवजी तुम्ही चोरासारखे आमच्या घरात शिरलात?" हेझल म्हणाली.

"मी एकटाच नव्हतो त्यात," मी घाईघाईने म्हणालो. "क्लाइव्हही करायचा. नेव्हिलही. मुळात सुरुवात नेव्हिलच्या चाकावरूनच झाली."

बोलून गेलो आणि जीभ चावली. कबुली द्यायला निघालो होतो, आणि अर्धं ओझं मेलेल्या मित्राच्या खांद्यावर टाकून मोकळा झालो होतो. तेही त्याच्या बायकोसमोर, पोरीसमोर.

लिनने हेल्मेट काढलं. तिचे केस चपटे झाले होते.

"नेव्हिल मला सांगायचा की," ती हळूच म्हणाली. "दर जूनमध्ये. मी त्याच्याशी भांडायचे. शेवटी एक वर्ष तो टायर घेऊन आला आणि म्हणाला, बास, आता नाही. सहा वर्षं झाली त्याला. त्याने तुम्हा दोघांना सांगितलं नाही, कारण तुमची गंमत त्याला मोडायची नव्हती. मला वाटलं, तुम्हीही सोडलं असेल. आणि सोडलं नसेल, तरी त्याच्या पोरीच्या बाबतीत तू असं करणार नाहीस."

सहा वर्षं. सहा जून मी ते चाक क्लाइव्हकडून उचलून त्याच्या दारात नेऊन ठेवलं होतं, आणि तो 'आभारी आहे रे' म्हणून ठेवून घ्यायचा, आठवड्याने जसंच्या तसं परत द्यायचा. 

क्लाइव्ह मान खाली घालून म्हणाला, की तो व्हॅन आणतो आणि मोटरसायकल टायरवाल्याकडे पोचवतो. लोक पांगले. कुणी मला टाकून बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. एकाने जाता जाता खांद्याला हात लावला, तोही चटकन काढून घेतला.

ग्लेनिसच्या हातात अजून थर्मास होता. 

"चला," मी लिनला आणि हेझलला म्हणालो. "व्हिटबी राहू दे. घरी तरी सोडतो तुम्हाला."

माझी मोटर पलीकडेच उभी होती. हेझल नाही म्हणणार होती, पण लिनने तिच्या दंडाला धरलं, कारण तिथून घरी जायला रविवारी बस नसते. दोघी मोटरपाशी आल्या. मी घाईने मागचं दार उघडून धरलं. लिन आत बसली नाही. एक हात दारावर ठेवून ती मोटरच्या टपावरून पलीकडे उभ्या ग्लेनिसकडे बघत राहिली.

"ग्लेनिस," ती म्हणाली, "मोटर तू चालवणार आहेस ना गं?"

ग्लेनिसला माळावरचा उतार चालवायची भीती वाटते. गेली दहा वर्षं ती तिथे कधी चालवत नाही, हे लिनलाही ठाऊक होतं.

"हो," ग्लेनिस म्हणाली.

मी खिशातून किल्ली काढली आणि तिला दिली. मग लिन आत बसली.