तेन्मोळीचं इनिशियल

तेन्मोळी म्हणजे मधासारखी वाणी असलेली. हे नाव तिने स्वतःच निवडलं, तेव्हा तिच्या तोंडाचा प्रसाद खाल्लेल्या सगळ्यांनी हसू लपवायला पदर तोंडाला लावला होता. तिला सांभाळणारी सरसम्मा तर म्हणाली, "अगं, मिरची ठेव. निदान खरं तरी होईल." पण तेन्मोळी हटली नाही. आईबापांनी ठेवलेलं मुलाचं नाव तिने कधीच टाकून दिलं होतं, तेव्हा ते इथे सांगायचंही कारण नाही.

तिचे वडील पोन्नुचामी, बाजारात मानाने अण्णाची. विरुदुनगरच्या धान्यबाजारात त्यांचं तांदळाचं दुकान. आपला थोरला मुलगा चोरून साडी नेसतो हे कळलं, त्या दिवशी अण्णाचींनी त्याला, म्हणजे तिला, गल्लीत उभं करून चार घरं ऐकतील अशा आवाजात सांगितलं, "आजपासून माझं नाव लावायचं नाही. माझं इनिशियलसुद्धा नाही!"

तमिळ मुलखात याहून मोठी शिवी नाही. आडनावाची भानगड तिकडे ठेवत नाहीत. नावाआधी बापाच्या नावाचं पहिलं अक्षर लागतं, तेच घराणं आणि तीच अब्रू. ते अक्षर नसलं की लोक पोराकडे नाही, पोराच्या आईकडे बघतात.

तेन्मोळीने बापाची आज्ञा अगदी अक्षरशः पाळली. इतकी आज्ञाधारक लेक त्या बाजारात दुसऱ्या कुणाच्या पोटी आली नसेल.

तिला घरात घेतलं सरसम्माने. सरसम्माही तिच्यासारखीच, मुलगा म्हणून जन्मलेली आणि बाई म्हणून जगलेली. तिकडे अशांना आदराने तिरुनंगै म्हणतात, निदान तोंडावर तरी. सरसम्मा लग्नाकार्यांतला स्वयंपाक करायची. तिने तेन्मोळीला कुळंबूला, म्हणजे तिकडच्या चिंचेच्या आमटीला, फोडणी कधी द्यायची ते शिकवलं, आणि फोडणी करपली की पाठीत धपाटाही घातला.

पुढे स्वतःची खानावळ काढायची म्हटल्यावर कागदपत्रांवाचून घोडं अडलं. बँकेने सांगितलं, आधी ओळखपत्रावर नाव बदलून आणा. ओळखपत्रवाल्यांनी सांगितलं, बँकेचं पासबुक आणा. दोघांच्या मधल्या रस्त्यावर तेन्मोळीच्या चपला झिजल्या. बँकेतला एकजण तिला एकदा सर म्हणे, एकदा मॅडम म्हणे, शेवटी वैतागून म्हणाला, "तुम्ही आधी काय ते एक ठरवा बघू."

"माझं ठरलंय. तुमच्या कॉम्प्युटरचं ठरायचंय."

राजपत्रात नाव छापून आलं, कलेक्टर कचेरीचं कार्ड झालं, आणि मग घोडं अडलं ते बँकेच्या अर्जातल्या बाप किंवा पालक या रकान्यापाशी. तिने लिहिलं, सरसम्मा.

"हे बाईचं नाव आहे," कारकून म्हणाला.

"बाईच आहे ती."

"आणि वडील?"

"तिने मला रांधायला शिकवलं. ताप आला तेव्हा उशाशी बसली. चुकले तेव्हा धपाटा घातला. तुमच्या वडिलांनी याहून जास्त काय केलं, सांगा."

कारकुनाच्या वडिलांनी बहुधा एवढंही केलं नसावं, कारण त्याने गुपचूप शिक्का मारला.

बँकेचं कार्ड घरी आलं तेव्हा त्यावर उठावाच्या अक्षरांत एस. तेन्मोळी असं नाव होतं. तेन्मोळीने ते अंधारातही वाचता येईल इतक्यांदा बोटांनी चाचपलं. सरसम्माला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, "यात माझं कुठलं?"

"पहिलं."

"हे वाकडंतिकडं?"

"तेच."

"शोभतंय हो मला," सरसम्मा म्हणाली आणि कार्ड पदराने पुसून परत दिलं.

बसस्टँडमागे सरसम्मा मेस सुरू झाली. तेलात तळलेला कुरकुरीत परोटा, दुपारी केळीच्या पानावर जेवण. हमाल, कारकून, ड्रायव्हर, सगळे येऊ लागले. गल्ल्यावर पैसे भरायचा चौकोनी स्टिकर चिकटवलेला होता. जो तो जेवून उठे, मोबाईल त्यावर धरी, आणि त्याच्या मोबाईलवर नाव उमटे, एस. तेन्मोळी. गावात दवंडी पिटायला बँकेने माणूस ठेवला असता तरी इतकं काम झालं नसतं.

पोन्नुचामींच्या दुकानासमोर शंकरलिंगमचं डाळींचं दुकान. हा माणूस डाळीत खडे आणि बोलण्यात काड्या मिसळण्यात पटाईत. एके दिवशी मेसमधून परोटा खाऊन तो परतला तो थेट चहाच्या टपरीवर. तिथे अण्णाची पेला हातात धरून बसलेले.

"अण्णाची, एक कोडं सोडवा. पोन्नुचामीचं पी. मग तुमच्या घरचं पोर एस कसं हो?"

मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "एस म्हणजे शंकरलिंगम तर नव्हे?"

शंकरलिंगमने दोन्ही कान धरले. "मारियम्मनची शपथ! मी त्या साली तूतुकुडीला होतो!"

बाजार इतका हसला की चहावाल्याचं दूध उतू गेलं.

मुलाची मुलगी झाली, घराबाहेर गेली, नाव बदललं, हे सगळं अण्णाचींनी पचवलं होतं. पचवलं म्हणजे काय, त्या दिशेला बघायचं सोडलं होतं. पण हे एस मात्र घशात अडकलं. दुसऱ्याच दिवशी ते बँकेत जाऊन मॅनेजरसमोर बसले. तिथे काय झालं ते बँकेचा शिपाई मेसमध्ये रसम भुरकत सगळ्यांना सांगत होता.

"मॅनेजर म्हणाले, खातं तुमचं नाही. अण्णाची म्हणाले, खातं नसेल, अक्षर माझं आहे! मॅनेजर म्हणाले, अहो, तुमचं अक्षर त्यात नाहीच. तीच तर तुमची तक्रार आहे ना?"

तेन्मोळी हसली, पण हातातला झारा तेलात बुडवायचा विसरली.

दोन दिवसांनी अण्णाची स्वतःच मेसच्या दारात उभे राहिले. केस पिकले होते, मिशी मात्र काळी केलेली.

"या शेठ. काय वाढू?" तेन्मोळी म्हणाली.

"ते एस काढ."

"का? त्याने तुमचं काय घोडं मारलंय?"

"लोक तुझ्या आईबद्दल बोलतात."

"लोक नाही, तुमच्या बाजारातले चार टगे बोलतात. आईसाठी आलात की मिशीसाठी?"

अण्णाचींचा हात नकळत मिशीकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला. "मी पी देतो तुला. लाव."

"आधी दिलंत, मग काढून घेतलंत, आता परत देताय. ते काय तांदळाचं पोतं आहे, इकडून उचललं, तिकडे टाकलं?"

जेवणारे सगळे घास हातात धरून ऐकत होते.

"एक करा," ती म्हणाली. "स्टँपपेपरवर लिहून आणा, तेन्मोळी ही माझी मुलगी आहे. मुलगी, हां. आणि इथे येऊन वाचा. ऐन जेवणाच्या वेळी."

अण्णाची पाय आपटत निघून गेले. सरसम्मा आतून म्हणाली, "दे की गं म्हाताऱ्याला त्याचं एक अक्षर. मला कुठे वाचता येतं?"

"तू कांदा चीर," तेन्मोळी म्हणाली. पण त्या दिवशी कुणाशी भांडायला तिच्या अंगात जोर राहिला नाही. बापाची फजिती करावी म्हणून आपण ही अट घातली, असं तिला आधी वाटलं होतं. तो गेल्यावर कळलं की ते वाक्य त्याच्या तोंडून तिला खरोखरच ऐकायचं होतं, आणि याचा तिला भारी राग आला.

शुक्रवारी, पानं मांडलेली असताना, अण्णाची आले. हातात स्टँपपेपर आणि मागे त्यांची बायको अन्नकिळी. ती या दारात पहिल्यांदाच येत होती. तिने लेकीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नवऱ्याच्या पाठीत बोट खुपसलं. "वाचा."

अण्णाचींनी चष्मा चढवला. आपलं नाव, बापाचं नाव, राहणार कुठे, हे सगळं घडाघडा वाचलं आणि पुढे गाडी रुतली. मागून एक हमाल ओरडला, "अण्णाची, मोठ्याने वाचा! इकडे रसमचाच आवाज जास्त येतोय!"

"तेन्मोळी ही माझी मुलगी आहे!" अण्णाची एवढ्या जोरात खेकसले की रस्त्यावरचा रिक्षावालाही डोकावला.

तेन्मोळीने कागद घेतला. सगळा वाचला. घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला. तिचे डोळे भरले होते, पण समोर कढई असल्यामुळे धुराच्या नावावर खपून गेलं.

"चल आता," अण्णाची म्हणाले.

"कुठे?"

"बँकेत. एसचं पी करायला."

"मी वाचा म्हणाले होते. बदलते असं कधी म्हणाले?"

"अगं ए! ही शुद्ध फसवणूक आहे!"

"आत्ताच मुलगी म्हणालात ना? मग बापाला बनवायचा एवढा हक्क मुलीला असतोच. एस मला कुणी फुकट दिलेलं नाही, शेठ. ज्या बाईने मला घरात घेतलं तिचं आहे ते. तुमचंही काही वाया गेलं नाही. वाचलंत ते सगळ्यांनी ऐकलं."

पहिली हसली ती अन्नकिळी. पदर तोंडावर न घेता हसली. "इतके दिवस अब्रू माझी गेली म्हणून तुम्ही ओरडताय," ती नवऱ्याला म्हणाली, "मला विचारलंत का एकदा तरी?" मग ती एका रिकाम्या पानासमोर बसली. "तेन्मोळी, वाढ मला. भात थोडा, कुळंबू जास्त."

अण्णाची बाहेर जाऊन एकटेच उभे राहिले. बायको सावकाश जेवत होती आणि ते घड्याळ बघत होते.

बाजारातली थट्टा मात्र त्या दिवसापासून मेली. बापाने भर पंगतीत ओरडून सांगितल्यावर शंकरलिंगमच्या कोड्यात दम राहिला नाही. त्याच्या जागी हमालांनी नवीनच सुरू केलं. बाजारात पोन्नुचामी नावाचे तिघे. मग हे कोणते? "तेन्मोळीचे अप्पा." पहिल्यांदा अण्णाचींनी हाक मारणाऱ्याच्या अंगावर चप्पल भिरकावली. मग नुसतेच डोळे वटारले. पुढे पुढे, गिऱ्हाईक असलं तर, "काय रे?" असं उत्तरही देऊ लागले.

आणि एका सकाळी मेससमोर हातगाडी थांबली. कुणी न मागवता तांदळाची चार पोती. तेन्मोळीने एका पोत्यात हात घातला, मूठभर तांदूळ नाकाशी नेला आणि गाडीवानाला म्हणाली, "तुकडा फार आहे. परत ने. म्हणावं, घरचं गिऱ्हाईक म्हणून काहीही खपवू नका."

अर्ध्या तासात तीच पोती घेऊन अण्णाची स्वतः हजर. "माझ्या तांदळाला नावं ठेवतेस? पोन्नी जातीचा पहिला नंबर आहे तो!"

"पहिला? मग दुसरा कोंबड्यांना घालता वाटतं!"

दाराशी उभं राहून दोघे तांदळाच्या एकेका दाण्यावरून भांडले. बाजाराची वेळ उलटली, जेवणाची झाली. कुळंबूचा वास बाहेर आला तसा अण्णाचींचा आवाज थोडा उतरला.

तेन्मोळीने पान मांडलं, पाणी शिंपडलं आणि त्यांच्यासमोर भात वाढता वाढता पोत्यातला तुकडा दाखवत भांडण तसंच पुढे चालू ठेवलं.