काळ्या बोकडाचा ताप

केनवडच्या वेशीत अंबाडीचा दोर आडवा बांधला गेला, त्याच्या घटकाभर आधी फय्याज डॉक्टरची गाडी आत शिरली होती. वाटेत चाकाची धाव सैल झाली असती, किंवा बैल ओढ्यावर जरा रेंगाळले असते, तर तो दोराबाहेर राहिला असता. पण त्या मंगळवारी सगळं वेळेवर झालं आणि तो अडकला.

दोराला लिंबाचे डहाळे, बिब्बे आणि एक झिजलेली केरसुणी लटकवली होती. नदीपलीकडच्या वाडीत बुळकांडी लागली होती. गुरांच्या डोळ्यांना धार लागायची, तोंड आतून सोलून निघायचं, मग हगवण, आणि मग रिकामा गोठा. म्हणून केनवडनं शीव बांधली. पुढल्या मंगळवारी मरीआईला बोकड दिला जाईपर्यंत गावात कोणी यायचं नाही, गावातून कोणी जायचं नाही. चूल पेटवायची नाही. लोखंडाला हात लावायचा नाही. गाडीच्या चाकांना लोखंडी धावा, म्हणून गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. विळे, कुऱ्हाडी, साखळ्या पोत्यांखाली गेल्या. गुरांच्या गळ्यातल्या घंटासुद्धा सोडल्या. गाव इतकं गप्प झालं की भिंतीपलीकडची रवंथ ऐकू यायची.

मारोतराव पाटलांनी डॉक्टरला चावडीची मागची खोली दिली. आत एक खाट, एक कोनाडा आणि आता फय्याजचे दोन बोकड. एक काळा, दुसरा पांढऱ्या पायांचा.

"डाक्टरसाब, तुमी पाव्हने. शिळी भाकर खा, आराम करा," पाटील म्हणाले. "दोर सुटला का मंग पाहू तुमचं टोचन्याचं."

"पाटील, मंगळवारपर्यंत माह्याजवळ टोचाले काई उरनार नाई."

"काहून? बर्फाचं हाय काय?"

फय्याजला हसू आलं आणि लगेच विरलं. बर्फ असता तर काळजीच नव्हती. वाशीमच्या सरकारी ढोर-दवाखान्यात बर्फ नव्हता, आणि त्याच्याकडची लस कुपीत नव्हती. ती काळ्या बोकडात होती.

दूर डोंगरातल्या एका प्रयोगशाळेत बुळकांडीचा विषाणू एका बोकडातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा कितीतरी बोकडांमधून नेला होता. त्या वाटचालीत त्याची धार बोथट झाली. आता तो बैलाला टोचला तर बैल थोडे दिवस मलूल होतो आणि मग खऱ्या बुळकांडीपासून सुटतो. पण बोकडाच्या अंगाबाहेर, वऱ्हाडातल्या चैत्राच्या उन्हात, हा विषाणू टिकत नाही. म्हणून बोकडाला टोचायचं, तो तापला की कापायचा, त्याची पाणथरी, म्हणजे प्लीहा, खलात मिठाच्या पाण्याबरोबर घोटायची. त्यातलं बरंचसं गुरांना, थोडं पुढल्या बोकडाला. फय्याज ह्याला बी म्हणायचा. कापायला उशीर केला तर बोकड आपोआप बरा होतो. त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात आणि ती विषाणूला गाठून निकामी करतात. मग बोकड उड्या मारतो, पाला खातो, आणि बी संपलेलं असतं.

वाशीमची ही साखळी महिन्यापूर्वी अशीच तुटली होती. बाजारातून आणलेल्या बोकडांना हा रोग आधीच होऊन गेला होता. बी आत जाताच त्यांच्या रक्तानं ते मारलं. नागपूरहून मोठ्या मिनतवारीनं नवं आलं. ते सोमवारी काळ्याला टोचलं होतं. ते गेलं तर पुन्हा कधी मिळेल ते नागपूरलाही माहीत नव्हतं.

गुरुवारी सकाळी त्यानं थर्मामीटर काढलं. गाडीवान सोमला बोकडाची मान धरून बसला. थर्मामीटर काचेचं, त्याला कोणाची हरकत नव्हती. पारा चढला होता. काळा पाठीची कमान करून, मान खाली घालून उभा होता. नेहमी अशा वेळी फय्याजला बरं वाटे. आज नाही वाटलं. आता बी पिकत होतं आणि ते काढायला त्याला बंदी होती.

त्यानं बॅग उघडली, पिचकारी काढली. नुसतं रक्त घेऊन दुसऱ्या बोकडाला टोचलं तरी भागलं असतं. दाराला आतून कडी होतीच.

"साब," सोमला म्हणाला, "सुई पोलादाची हाय."

"कोनाले समजते?"

"मले समजलं न." सोमला बोकडाचे कान कुरवाळत होता. "तुमी कराल, मी गप राहीन. पन मंग गावातलं एक जरी ढोर मेलं, तं माह्या तोंडून निंगनच. मी तं दारू बी पेतो."

फय्याजनं पिचकारी परत ठेवली. सोमलाचं चूक नव्हतं. डॉक्टरनं बांधल्या शिवेत लोखंड चालवलं असं एकदा पसरलं, की रिसोड तालुक्यातलं एकही दावं त्याच्यासाठी सुटलं नसतं. बी वाचलं असतं आणि ते टोचायला गुरं उरली नसती.

तो बाहेर पडला. बाहेर म्हणजे वेशीपर्यंत. पलीकडे मालेगावचा रस्ता पांढरा पडला होता. वाशीमला लतीफा, त्याची बायको, आज येतो म्हणून वाट बघत असेल. त्यानं दोराला हात लावला नाही, नुसता वाकून बघितला. परत येताना पाटलांच्या गोठ्यापाशी तो थांबला. कोपऱ्यात एका बैलावर गोधडी टाकली होती. बैलाच्या दोन्ही डोळ्यांखाली ओले पट्टे उमटले होते.

"धूळ गेली त्याच्या डोळ्यात," मागून पाटील म्हणाले.

"पाटील, हे धूळ नाई. बुळकांडी दोराच्या आत हाय. तुमी तिले गुरांसंगं कोंडून घेतलं."

मारोतरावांनी इकडंतिकडं पाहिलं. मोठा माणूस, पण आवाज एकदम बारीक झाला. "हळू बोला, डाक्टरसाब. माह्याच गोठ्यात निंगाली म्हन्लं तं शीव बाटली म्हनतीन. पुन्ना पह्यलेपासून बांधतीन. पुन्ना मंगळवार ते मंगळवार."

"मंग मले काळा बोकड कापू द्या."

"मी कोन देनारा? गोजरामायले विचारा."

गोजराबाई मरीआईच्या देवळीची पुजारीण. बारीक चणीची, डोळ्यात फूल पडलेली. फय्याजनं रात्रभर विचार करून एक डाव आखला होता, आणि त्याला तो फार शहाणपणाचा वाटत होता. शुक्रवारी तो तिच्यापुढं जाऊन बसला.

"माय, मरीआईले बोकड मंगळवारी द्याचाच हाय. माहा घ्या. पन आज घ्या. शुक्रवार बी बाईचाच वार हाय. मले फक्त पाणथरी द्या."

गोजराबाईनं देवळीतल्या सुरीकडं पाहिलं. मग म्हणाली, "बाईची सुरी लोखंडात धरत नाई. वार बी खरा हाय. पन तिनं घेतला पायजे."

देवळीपुढं माणसं जमली. काळ्याला आणून उभा केला. गोजराबाईनं त्याच्या पाठीवर हळद घातलेलं पाणी शिंपडलं. रीत सगळ्यांना ठाऊक होती: बोकडानं अंग झाडलं तर देवीनं घेतला. नाही झाडलं तर सुरी चालवायची नाही.

काळा हलला नाही.

पुन्हा पाणी शिंपडलं. पाणी त्याच्या कुशीवरून गळून मातीत गेलं. त्याची कातडीसुद्धा थरथरली नाही. त्या क्षणी फय्याजला आपली चूक कळली. तापलेला बोकड अंग झाडत नाही. हे त्यानं स्वतः किती वेळा तपासलं होतं. ताप उतरला की तो झाडेल. देवी त्याला घेईल तेव्हा त्याच्यात बी नसेल, आणि बी आहे तोवर देवी त्याला घेणार नाही.

"सरकारी बोकड हाय," कोणीतरी म्हणालं. "हुकूम आल्याबिगर हालत नाई."

हसू पिकलं. पण ते टिकलं नाही. "डाक्टराचा बोकड बाईनं टाकला," एक म्हातारा म्हणाला. पाटील जमिनीकडे बघत होते.

त्या दिवसानंतर चावडीच्या ओसरीवर बसायला कोणी आलं नाही. शिळ्या भाकरीला आंबूस वास येऊ लागला होता. खोलीत बोकडांच्या मुताचा उग्र दर्प भरला होता. फय्याज खाटेवर पडून काळ्याच्या श्वासाकडे कान लावी. त्या काळ्या कातड्याच्या आत एक शर्यत चालली होती, आणि त्याला बघत बसण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. बरा होऊ नको, असं जनावराच्या डॉक्टरनं जनावराला मनात म्हणावं, ह्याची त्याला लाज वाटली.

शनिवारी सोमलाच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. तो लंगडत देवळीच्या पायरीवर जाऊन बसला. सुई चालत नव्हती, म्हणून गोजराबाईनं बाभळीचाच दुसरा लांब काटा घेतला आणि टाच कोरायला लागली.

"माय, जीव घेतं काय," सोमला म्हणाला.

"गप बस. दारू पेतानी दुखत नाई अन् आता दुखते?"

काटा निघाला. पाठोपाठ रक्ताचा थेंब आला. तो मातीत पडायच्या आत गोजराबाईनं कापसाच्या बोळ्यावर टिपला आणि बोळा पळसाच्या पानात ठेवला. फय्याज चार हातांवर उभा राहून पाहत होता. तो तिथंच खाली बसला.

"माय, रक्त काढलं तं शीव बाटत नाई?"

"भुईवर सांडलं तं बाटते. लोखंडानं काढलं तं बाटते." तिनं फूल पडलेला डोळा त्याच्याकडे वळवला. "काहून पुसून राह्यला?"

आता डाव आखायचा नाही, असं त्यानं ठरवलं. सरळ सांगितलं. काळ्याच्या रक्तात बी आहे, ते आज-उद्या मरेल. कानाची शीर काट्यानं उघडायची, थेंब कापसावर घ्यायचा, आणि तो दुसऱ्या, पांढऱ्या पायांच्या बोकडाच्या कातड्याखाली काट्यानंच सारायचा. मंगळवारी तो तापलेला असेल. मग दोर सुटल्यावर सुरी चालेल, सुया चालतील.

"अन् नाई तापला तं?"

"तं माह्याजवळ काई नाई, माय. मी रिकाम्या हातानं जाईन, अन् तुमची ढोरं तशीच राह्यतीन."

गोजराबाईनं पळसाचं पान दुमडून कमरेला खोचलं. "मी येते पाहाले. एक थेंब सांडला तं तू या गावात पुन्ना पाय ठिवजो नोको."

चावडीच्या खोलीत तिनं स्वतः खाली पळसाची पानं अंथरली. सोमलानं काळ्याला धरलं. फय्याजनं काटे स्पिरिटमध्ये बुडवून ठेवले होते. इतक्या शस्त्रक्रिया केल्या, पण काटा धरताना त्याची बोटं अवघडली. पहिला काटा मोडला. दुसऱ्यानं शीर सापडली. रक्त आलं, कापूस लाल झाला. पांढऱ्या पायांच्या बोकडाच्या मांडीच्या आतल्या बाजूला, जिथं केस नसतात, तिथं त्यानं कातडं चार ठिकाणी उचलून टोचलं आणि ओला कापूस आत दाबला. पानांवर काही पडलं नव्हतं. गोजराबाईनं सगळी पानं उलटून पाहिली, मग मान हलवली आणि निघून गेली.

हे पुस्तकात कुठंच नव्हतं. बी लागेल की नाही, हे सांगायला पांढऱ्या पायाशिवाय कोणी नव्हतं, आणि तो कडबा खात होता.

रविवारी काळ्याचा ताप उतरला. सोमवारी तो दाव्याला हिसके द्यायला लागला. पांढऱ्या पायानं त्या दिवशीही खाल्लं. फय्याजनं थर्मामीटर लावलं, पारा जागेवरच होता. पाटलांचा बैल आता उठत नव्हता, आणि शेजारच्या दोन गोठ्यांतही गोधड्या दिसू लागल्या होत्या. त्याबद्दल कोणीच बोलत नव्हतं. सगळे मंगळवारकडं डोळे लावून बसले होते.

मंगळवारी काळ्याला पुन्हा देवळीपुढं नेलं. पाण्याचा पहिला शिंतोडा पडला तोच त्यानं शेपटापर्यंत अंग झाडलं. लोकांनी समाधानाचा श्वास सोडला. थोड्या वेळानं पाटलांनी पळसाच्या पानात गुंडाळलेली पाणथरी त्याच्या हातात आणून दिली, दोन्ही हातांनी, मानानं.

"घ्या. बाईनं शेवटी घेतला तुमचा बोकड."

तिच्यात काही उरलं नव्हतं. फय्याजनं ती दोन्ही हातांनी घेतली. "मेहरबानी, पाटील."

तो चावडीत आला. सोमला दारात उभा होता. "साब, यानं सकाळपासून पाल्याले तोंड नाई लावलं."

पांढऱ्या पायाचा बोकड पाठीची कमान करून, मान खाली घालून उभा होता. फय्याजनं आधी कानाला हात लावला, मग थर्मामीटर. ते उजेडात धरताना त्याला काच नीट दिसेना. त्यानं डोळे पुसले आणि पुन्हा वाचलं.

बाहेर दोर सुटत होता. गाड्यांच्या धावा खडखडल्या, घंटा परत गळ्यात पडल्या, कुठंतरी चूल पेटल्याचा वास आला. फय्याज दोन दिवस थांबला. बी पुरतं पिकलं तेव्हा त्यानं बोकड कापला, पाणथरी घोटली. टोचायला पहिला बैल पाटलांनी आणला. जोडीतला दुसरा. पहिल्याला त्या सकाळीच ओढून शिवेबाहेर नेलं होतं.

"ह्याले तरी वाचवा," एवढंच ते म्हणाले.

"वाचन. पन मले एक बोकड पायजे, पाटील. ज्याले कधी ताप नाई आला असा."

"कापाले?"

"आज टोचाले. तापला का मंग कापाले."

गोजराबाईनं आपला करडा बोकड आणून दिला. खलात थोडं उरलं होतं, ते त्यानं करड्याला टोचलं. संध्याकाळी सोमलानं गाडी जुंपली. वेस उघडी होती, मालेगावचा रस्ता मोकळा होता. पलीकडच्या वाडीला बी हवं होतं, आणि ते तयार व्हायला अजून वेळ होता.

"जाऊ न साब, घरी?"

"तू जाय. लतीफाले सांगजो, येतो म्हना." फय्याजनं करड्याचं दावं चावडीच्या खांबाला बांधलं आणि तिथंच, त्याच्या शेजारी, भिंतीला टेकून बसला.