ऑर्विलची चमची आणि जावयाचं यंत्र

अमेरिकेतल्या मोन्टॅनात हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू व्हायला आठवडा उरला होता आणि ऑर्विल ट्वेटच्या तळघरात एकाच टेबलावर दोन राज्यं नांदत होती. डावीकडे आजोबांचा, रिकामी काडतुसं घरीच पुन्हा भरायचा लोखंडी चिमटा, अडकित्त्याचा थोरला भाऊ शोभेल असा. उजवीकडे जावई केन्ड्रिकनं आणलेलं विजेचं यंत्र. ते बंदुकीची दारू स्वतःच मोजायचं, स्वतःच ओतायचं आणि काम झालं की टिंग वाजवायचं. त्या टिंगवर ऑर्विलचा विशेष राग होता.

मुलगी मार्लिस बारा वर्षांची झाली, तेव्हापासून तिची काडतुसं ऑर्विलच भरत आला होता. यंदा तिचा नवरा केन्ड्रिक म्हणाला, मी भरतो. मार्लिसनं जाहीर केलं की शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर दोन्ही उडवून बघीन आणि बरी निघतील ती शिकारीला नेईन. झालं, ऑर्विलचं अन्नावरून मन उडालं. मुलीच्या खिशात दुसऱ्याची काडतुसं, ही कल्पनाच त्याला सोसवेना.

आजोबांच्या वेळी काळी दारू होती. बार काढला की इतका धूर व्हायचा की हरीण पडलं की पळालं, हे शेजाऱ्याला विचारावं लागे. पुढे बिनधुराची दारू आली. तिचा जोर भलताच, म्हणून वडिलांनी दारू मापायची पितळी चमची कानशीनं घासून बेतशीर केली. ऑर्विल अजून त्याच चमचीनं भरायचा. हा इतिहास जावयाला दर रविवारी जेवताना ऐकावा लागे.

यंत्राची मात्र एक गोम होती. त्याचा तराजू इतका हळवा की वाऱ्याच्या झुळकीनंही आकडा हलायचा. म्हणून केन्ड्रिकनं घर तापवणारी भट्टी बंद केली, शेपूट हलवतो म्हणून कुत्र्याला बाहेर काढलं आणि मोजणी चालू असताना सगळ्यांनी श्वास रोखावा असं फर्मान काढलं. सासूबाई लोरेना कोट घालून बटाटे सोलत होत्या. नेमकं तेव्हाच ऑर्विल टेबलाशी येऊन लांबलचक उसासे टाकायचा.

"तुम्ही मुद्दाम करताय," केन्ड्रिक म्हणाला.

"म्हाताऱ्या माणसानं श्वास घेऊ नये का?"

"घ्या ना. पण तिकडं तोंड करून घ्या."

शनिवारी मार्लिसनं दोघांची पाच-पाच काडतुसं उडवली. निशाणाच्या दोन्ही कागदांवरची भोकं जवळपास सारखीच निघाली. सासरा-जावई पट्टी घेऊन केसाएवढ्या फरकावरून भांडू लागले. पाऊण तास झाला तरी मिटेना, तेव्हा मार्लिस गाडीकडे गेली आणि काडतुसांचा एक चकचकीत खोका घेऊन आली. दुकानातला.

ऑर्विलला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. एका चुलतभावानं एकदा असा खोका आणला होता, त्याला पुढची चार वर्षं थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाचं बोलावणं गेलं नव्हतं. मार्लिसनं त्यातली पाच उडवली. भोकं तशीच, सारखी.

"मी हीच नेणार," ती म्हणाली.

"अगं, पण आमच्यात काय कमी आहे?" ऑर्विलचा आवाज चिरकला.

"काही नाही, बाबा. पण तुमची नेली की हा रुसतो, आणि याची नेली की तुम्ही रुसणार. दुकानवाला रुसत नाही."

ऑर्विलचे डोळे भरून आले आणि ते लपवायला तो खाली वाकला. गवतात दुकानातल्या काडतुसांच्या पाच रिकाम्या पुंगळ्या पडल्या होत्या. नव्याकोऱ्या, एकदाच वापरलेल्या, पुन्हा भरायला अगदी फर्मास. तिकडून केन्ड्रिकही गुडघ्यांवर रांगत येत होता.

"हात लावू नकोस," ऑर्विल म्हणाला. "पुढच्या वर्षी मी भरणार त्या."

"तीन माझ्या."

"दोन."

मार्लिसनं थर्मासमधली कॉफी ओतून घेतली आणि दुकानाचा खोका कोटाच्या आतल्या खिशात टाकला.