एकाच अंगठ्याची माणसं

रंजनाच्या टेबलामागे भिंतीवर दोन तक्ते लावलेले होते. डावीकडचा आजचा, उजवीकडचा उद्याचा. आजच्या तक्त्यावर मंडळाच्या सगळ्या संगणक-प्रणालींचे चौकोन होते आणि त्यांच्यामधल्या रेघा लूमवर तुटलेल्या ताण्यासारख्या कुठूनही कुठेही गेलेल्या. उद्याच्या तक्त्यावर चौकोन थोडे, रेघा सरळ. तो लावून दोन वर्षं झाली होती. त्यातली एकही रेघ अजून खरी झालेली नव्हती.

मंडळ सरकारी. सुरतेतल्या कामगारांना दवाखाना आणि औषधं पुरवणारं. रंजना तिथे करारावर एंटरप्राइज आर्किटेक्ट होती. कुठल्याही विभागाला नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं असलं की आधी तिने बघायचं: हे आपल्याकडे आधीच आहे का, जुन्यातलं काय पुढे न्यायचं, कुठली प्रणाली कुणाशी जोडायची. तिची टिप्पणी लागल्याशिवाय वित्त विभाग फाइल हलवत नसे. कागदावर हा मोठाच अधिकार होता. प्रत्यक्षात फाइल तिच्यापर्यंत यायची तेव्हा वर शब्द देऊन झालेला असायचा.

नानांना, म्हणजे तिच्या वडिलांना, तिने हे काम एकदा समजावून सांगितलं होतं. हिलाल पाटलांचं सगळं आयुष्य पांडेसऱ्याच्या रंगाच्या मिलमध्ये गेलेलं. त्यांनी ते मिलच्याच हिशेबाने समजून घेतलं.

"म्हंजे बॉयलर एकच घ्यायचा अन् वाफ सगळ्या मशीनला सोडायची. हाच ना तुझा धंदा?"

"हो, नाना."

"मग यात शिकण्यासारखं काय? मशीनगणिक बॉयलर कोण घेतं?"

"सगळेच घेतात."

"अन् तू सांगितल्यावर?"

"तरी घेतात."

नाना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते. "झकास नोकरी शे. काही बनवायचं नाही, कोणी ऐकायचं नाही, अन् पगार टायमावर."

नाना आषाढात गेले. आता मार्गशीर्ष लागला होता, पुढच्या वर्षाच्या खरेद्या ठरत होत्या, आणि तिच्या टेबलावर जी फाइल येऊन पडली होती ती औषधवाटपाची होती. जुनी प्रणाली बंद करून नवी घ्यायची. जुनीत बोगस नावं फार आहेत, हे कारण. ज्या कंपनीला नवं काम हवं होतं तिनेच वैशाखात जुन्या नोंदींची सफाई करून दिली होती. त्या सफाईत हजारो नावं अशी निघाली की त्यांच्या अंगठ्याचा ठसा एकच. एक अंगठा आणि हजारो माणसं. कंपनीने ती नावं एका फटक्यात काढली आणि औषधांचा किती खर्च वाचला ते मंडळाने आनंदाने वर कळवलं.

तो अंगठा कुणाचा, हे रंजनाला ठाऊक होतं.

ठशाची यंत्रं पांडेसऱ्याच्या औषधांच्या खिडकीवर आली तेव्हा ती नानांना घेऊन गेली होती. कॉस्टिकने, हायड्रोने, ॲसिडने नानांच्या बोटांची टोकं कधीच गुळगुळीत झाली होती, त्यावर रेघ म्हणून शिल्लक नव्हती. यंत्रातला लाल दिवा लागायचा आणि विझायचा. खिडकीतल्या सरलाबाईंनी बोट ओल्या फडक्याने पुसायला लावलं, मग डोक्याच्या तेलावर घासायला लावलं. मागे रांग खोळंबली होती आणि त्या रांगेत निम्मे रंगाच्या मिलमधलेच होते. शेवटी सरलाबाईंनी "सरका" म्हणून स्वतःचा अंगठा यंत्रावर टेकवला. हिरवा दिवा लागला. नानांची नोंद झाली. पुढे दर महिन्याला नाना जायचे, सरलाबाई अंगठा लावायच्या, नाना रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन यायचे. एकट्या नानांचंच नव्हे, ज्यांची बोटं लागत नव्हती त्या सगळ्यांचं हेच.

वैशाखात नाना रिकाम्या हाताने परत आले. हे रंजनाला कळलं ते त्यांचं दिवसकार्य झाल्यावर, मायकडून.

"तुझ्याच हापिसाचं म्हणून बोलले नाहीत," माय म्हणाली. "म्हणे, पोरीला खाली बघावं लागेल. मेडिकलमधून आणायचे. महाग पडतात म्हणून अर्धी अर्धी घ्यायचे."

अर्ध्या गोळीने नाना गेले असं डॉक्टर म्हणाले नव्हते. रंजनाही म्हणत नव्हती. पण फाइलमधला 'बोगस' हा शब्द आला की तिला पुढचं वाक्य वाचता येत नसे.

बैठकीच्या आदल्या दिवशी ती पांडेसऱ्याला गेली. दुपारची खिडकी बंद व्हायची वेळ होती. सरलाबाई डबा उघडून बसल्या होत्या.

"ये व माय. हिलालभाऊनी पोर ना तू? बस. कळण्याची भाकर शे, खाशी?"

"मावशी, उद्या त्या नावांवर बैठक आहे. अंगठा तुमचा होता हे तुम्ही सांगितलंत तर नावं परत येतील."

सरलाबाईंनी घास तसाच धरला. "अन् मी कुठं जाऊ? ठेक्यावरची बाई मी, ठेकेदार उभी करील का मला? पोलीस बोलावतील. कोणी म्हणेल, बाईने गोळ्या विकून खाल्ल्या."

"तुम्ही काही खाल्लं नाही, सगळ्यांना माहीत आहे."

"ज्यांना माहीत शे त्यांचीच तर नावं काढली तुम्ही लोकांनी." मग त्यांनी आवाज उतरवला. "हे बघ. मशीन आलं तेव्हा मी वर विचारलं होतं, की बोट लागत नाही त्याचं काय करू? तर म्हणे, नोंद शंभर टक्के झाली पायजे. झाली ना? तवा सगळ्यांना पेढे दिले साहेबांनी. तू एवढे मोठे मोठे चित्रं काढते भिंतीवर, मना अंगठा कोठे दाखवला त्यात?"

सरलाबाईंनी हातातला घास डब्यात परत ठेवला.

"माझं नाव घेऊ नको, बेटा. दुसरं काय करशील ते कर."

निघताना रंजनाचं लक्ष दाराशेजारच्या हजेरीच्या यंत्राकडे गेलं. रोज सकाळी सरलाबाई तिथे अंगठा लावून आत येत आणि खिडकीत बसून तोच अंगठा दुसऱ्या यंत्रावर लावत. दोन यंत्रांमध्ये हातभर अंतर. त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती म्हणून बाईची नोकरी होती. आणि उद्याच्या तक्त्यावर या दोन चौकोनांमध्ये रंजनाने स्वतः एक सरळ रेघ मारलेली होती.

बैठकीला मंडळाचे प्रमुख जरीवाला साहेब मधल्या खुर्चीत होते. त्यांचं मराठी सुरतेच्या बाजारात शिकलेलं. कंपनीकडून गजेंद्र नावाचा व्यवस्थापक पुण्याहून आला होता, आणि मंडळाचा डेटाबेस सांभाळणारी वैशाली एका कडेला होती. गजेंद्रने पडद्यावर वाचलेल्या खर्चाचा आलेख आणला.

"जुओ, केटलु सरस," साहेब आलेखावर खूश होऊन म्हणाले. "रंजनाबेन, तुमची टिप्पणी आली की झालं. वरून दोन वेळा फोन आला."

"ही माणसं बोगस नाहीत, साहेब. रंगाच्या मिलमधल्या कामगारांची बोटं झिजलेली असतात, यंत्र ती घेत नाही. म्हणून कुणीतरी त्यांच्या वतीने अंगठा लावला. माणसं खरी आहेत. आधी ही नावं परत घ्या, आणि नव्या प्रणालीत बोट न लागणाऱ्यांसाठी दुसरी ओळख ठेवा. नाहीतर आपण पैसे घालून तीच चूक पुन्हा विकत घेतोय."

"त्याची सोय दुसऱ्या टप्प्यात आहे ना," गजेंद्र म्हणाला.

"पहिल्या टप्प्यात जुनी प्रणाली बंद होते. म्हणजे नोंदीही जाणार. दुसऱ्या टप्प्यात कुणाला शोधाल?"

"मॅडम, सगळे खरे आहेत हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"एक नाव बघा. हिलाल दगडू पाटील, पांडेसरा."

गजेंद्रने लॅपटॉपवर बोटं चालवली, मग शेजारच्या सहकाऱ्याला काही विचारलं. गजेंद्र हसला. "मॅडम, आम्ही मध्यंतरी काहींच्या घरी फोन करून खात्री केली होती. त्यात हे नाव आहे. हे गृहस्थ हयातच नाहीत."

"लो!" साहेबांनी टेबलावर हात आपटला. "मग यादी बरोबरच आहे की. माणूसच नाही!"

दोघंतिघं हसले. वैशालीने मान खाली घातली.

"ते आषाढात गेले," रंजना म्हणाली. "तुम्ही त्यांना वैशाखात काढलं होतं."

हसू विरलं. साहेबांनी तिच्यासमोरची नावाची पट्टी वाचली. रंजना हिलाल पाटील.

"तमारा पप्पा?"

तिने मान हलवली. कुणीतरी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. तिने तो घेतला नाही.

गजेंद्रने घसा साफ केला. "सॉरी, मॅडम. पण प्रश्न उरतोच. तो अंगठा आहे कुणाचा? आम्ही एका दिवसात सांगू शकतो. तुमच्या हजेरीच्या नोंदी द्या, जुळवून बघतो. तुमच्याच तक्त्यात ती जोडणी आहे."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. दोन वर्षं ज्या रेघेसाठी ती प्रत्येक बैठकीत घसा कोरडा करत होती, ती आज पहिल्यांदा कुणीतरी आपण होऊन मागत होतं.

"आहे," ती म्हणाली. "पण ती दुसऱ्या टप्प्यात आहे. मंजूर नाही. मंजुरीशिवाय नोंदी देता येत नाहीत."

वैशालीला खोकला आला.

जरीवाला साहेब खुर्चीत मागे टेकले. आता त्यांचा आवाज मऊ झाला होता, आणि तो मऊ झाला की काहीतरी जाणार हे रंजनाला माहीत होतं. "बेन, खूप वाईट वाटलं, साचे. पण आता यात तुमचं घरचं आलं. नियमप्रमाणे या फाइलवर तुम्ही टिप्पणी देऊ शकत नाही. दुसऱ्या कोणाला सांगू."

इतके महिने नाना या खोलीत कुणाला दिसले नव्हते. दिसले, तेही तिला खोलीबाहेर काढायच्या कामी आले.

"बरोबर आहे, साहेब," ती म्हणाली. "तसं फाइलवर लिहा. बोगस म्हणून काढलेल्या नावांत आर्किटेक्टचे वडील होते, ते काढले तेव्हा हयात होते, म्हणून तिला या कामातून वगळलं आहे. सही तुमची."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं होतं. ते त्यांनी पुन्हा लावलं. अशी नोंद घेऊन फाइल वर गेली तर वाचलेल्या खर्चाचा आलेख कुठल्या तोंडाने दाखवणार, हा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेला साऱ्यांना दिसला.

"चाय पिऊ," ते म्हणाले. "पछी जोईशू."

ते 'मग बघू' पुढचा आठवडाभर चाललं. ती नसताना टिप्पणी लिहायला दुसरं कुणी तयार होईना, आणि तिला का वगळलं ते लिहायला साहेब तयार होईनात. वित्त विभाग फाइल परत परत पाठवत राहिला. शेवटी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाले नाहीत.

"नावं परत घेतो. नवी सिस्टीम येईपर्यंत. बोट नाही लागलं तर ओळखपत्र चालेल, हे पण पहिल्या टप्प्यात टाकतो. अंगठा कोणाचा ते कोणी विचारणार नाही. वर काय सांगायचं ते मी पाहीन. टिप्पणी आज संध्याकाळी द्या."

"देते."

"आणि तुमचा करार मार्चमध्ये संपतो ना? नंतरचं नंतर."

"समजलं," रंजना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वैशालीने नावं परत चढवायला घेतली. रंजना तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. नावं खालून वर सरकत होती. महाजन, बोरसे, पाटील, पाटील, निकम, साहू, पाटील. वैशाली मध्येच थांबली.

"ताई, नानांचं नाव आलंय. परत घेऊन मग काढायचं का? नाहीतर त्यांच्या नावावर औषधं निघत राहतील."

"हो. परत घे, आणि मग काढ. कारण बदलून."

वैशालीने नाव घेतलं. पडद्यावर हिलाल दगडू पाटील यांच्यापुढे 'चालू' असं आलं. मग तिने 'काढा'वर टिचकी मारली. कारणांची यादी उघडली. दुबार. बोगस. स्थलांतरित. अपात्र.

"मयत कुठे आहे?" रंजनाने विचारलं.

"नाहीये, ताई."

"असं कसं नसेल?"

"पहिल्यापासून नाहीये. कुणी वारलं तर आम्ही अपात्र टाकतो." वैशाली तिच्याकडे न बघता म्हणाली, "टाकू?"

मंडळाची जन्म-मृत्यूच्या नोंदींशी जोडणी नव्हती, हे रंजनाला माहीत होतं. तिच्या तक्त्यावर तीही एक रेघ होती. पण मेलेल्या माणसासाठी या चौकोनाच्या पोटात एक शब्दही ठेवलेला नाही, हे तक्त्यावरून दिसत नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "राहू दे."

"पण मग हे नाव खरोखरच बोगस होईल."

"होऊ दे. बदलाचा अर्ज उघड."

वैशालीने अर्ज उघडला आणि कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. काय बदल हवा? रंजनाने लिहिलं: नाव काढण्याच्या कारणांत 'मृत्यू' हे कारण घालावं. खाली पुढचा रकाना होता: या बदलाची गरज काय, थोडक्यात लिहा.

बाहेर कुणीतरी चहाचे कप गोळा करत होतं. मग तिने दोन शब्द लिहिले: माणसं मरतात.

त्याखाली आधारासाठी कागद जोडायची जागा होती. नानांचा मृत्यूचा दाखला तिच्या पर्समध्ये होता, घडीवर फाटायला आलेला. तिने तो उलगडला, तळहाताने सपाट केला आणि स्कॅनरवर पालथा ठेवला.