बारीक स्प्रिंगचं झाकण

आमच्या कारखान्यात दर वर्षी नवा मिक्सर निघतो. गेल्या वर्षीच्याला निळा दिवा होता, यंदाचा फोनवरून चालू होतो. मी तपासनीस. पंधरा वर्षांत पंधरा नवे मिक्सर पास केले, झाकण सगळ्यांना एकच.

दर वर्षी एक मिक्सर आईला फुकट मिळतो आणि दर वर्षी ती एवढंच विचारते, झाकण उघडतं का. संधिवाताने तिची बोटं वाकली आहेत. झाकणाचे घट्ट खटके दाबायला ती शेजारणीची वाट बघत बसते. यंदा दादाने निर्वाणीचं सांगितलं: साधं झाकण उघडत नाही तर एकटीने राहायचं नाही, महिनाअखेरीला माझ्याकडे ये. आईला घर सोडायचं नव्हतं. माझा जीव तुटत होता, पण माझं काम झाकण घट्ट आहे ना, एवढंच बघायचं.

त्याच आठवड्यात चाळीस झाकणं नापास झाली. झाकणं जोडणाऱ्या बाईंचा उजवा अंगठा सुजलेला, म्हणून त्यांनी खटक्यांत जाड स्प्रिंगऐवजी बारीक स्प्रिंग बसवली होती. मी नियमाप्रमाणे त्यांना मेमो दिला. झाकणं भंगारात गेली. एकोणचाळीस.

चाळिसावं मी आईपुढे ठेवलं. तिने तळहाताने खटका दाबला, झाकण निघालं. पुन्हा लावून तिने टोमॅटो फिरवले, ओट्यावरून हात फिरवून पाहिला. थेंबही सांडला नव्हता. मग ती झाकण नुसतीच उघडत आणि लावत बसली. मला भरून आलं आणि लाजही वाटली.

"इतकी वर्षं काय करत होतात रे तुम्ही?"

मी निळ्या दिव्याचं सांगितलं.

"हे कुणी केलं?"

"एका बाईंनी. चुकून."

"मग काय दिलंत तिला?"

मी मेमोचं सांगितलं. आईने दादाला फोन लावला, मी येत नाही म्हणाली आणि ठेवून दिला. मग माझ्याकडे वळली. "तो कागद आधी परत घे."

सोमवारी मी सकाळीच बाईंकडे गेलो. त्यांनी माफीपत्र तयारच ठेवलं होतं: पुन्हा असं होणार नाही. जाड स्प्रिंग त्या आता डाव्या अंगठ्याने बसवत होत्या.