बेलाच्या पानाखालचं बटण

त्या उन्हाळ्यात लातूरच्या बाजारात रोज दोन रांगा लागायच्या. एक टँकरपुढे, घागरींची. दुसरी यंत्रानंद महाराजांपुढे, माणसांची. टँकर आला की पहिली रांग उधळायची. दुसरी जागची हलायची नाही.

वीरण्णा मामांच्या बंद पडलेल्या आडतीच्या दुकानात महाराज बसायचे. गादीवर टीव्ही होता. त्याला जोडलेला कॉम्प्युटर, वर कण्हेरीची माळ. कॉम्प्युटरच्या डाव्या कोपऱ्यातल्या एका बटणावर गंधाने चिकटवलेलं बेलाचं पान.

"त्या पानाला हात लावायचा न्हाई! तिथं देव बसलाय," महाराज गरजायचे. "जिल्हा नवा झाला. कलेक्टर आला, यस्पी आला. मग देवाचं हापीस काहून मागं राहावं? हे देवाचं हापीस! हिथं अर्ज न्हाई, शिपायाला चहा न्हाई. नाव सांगा, गाव सांगा, कुलदैवत सांगा. बोला माय, काय विचारायचंय?"

मी नववीत होते. आमच्या शाळेत त्याच वर्षी अगदी असाच कॉम्प्युटर आला होता आणि अख्ख्या वर्गात माझाच प्रोग्राम पहिल्या झटक्यात चालला होता! तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नव्हते. म्हणून तर नीला मावशी मला सोबत घेऊन आली.

तिच्या मुठीत एक पोस्टकार्ड होतं. तिचा एकुलता एक लेक संगप्पा, एकोणीस वर्षांचा. विहीर आटल्यावर तो नांदेडला एका चहाच्या हॉटेलात कामाला लागला होता. कार्ड हॉटेलवाल्या किशनरावांचं होतं, मीच तिला वाचून दाखवलेलं: संगप्पाला कावीळ झाली आहे, दवाखान्यात ठेवलं आहे, लवकर या.

"मी नांदेड कधी बघितलं न्हाई महाराज. एकटी बाई. जाऊ का नको, एवढंच इचारा."

महाराजांनी टकटक केली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं. ते मीच मोठ्यानं वाचलं. "थांबा. जे आपलं आहे ते आपल्या पायांनी घरी येईल. कोणाला विचारू नका. एकवीस दिवसांनी पुन्हा या."

मावशी माझ्याकडे वळली. "कांते, तुला ह्यातलं कळतंय. खरं असल का गं?"

आणि मी, सगळ्यांसमोर, मान ताठ करून म्हणाले, "मावशी, माणूस चुकतो. कॉम्प्युटर चुकत नाही."

"बघा! लेकरू बोललं!" महाराज म्हणाले. रांगेनं हात जोडले.

कोणाला विचारायचं नव्हतं, म्हणून मावशीनं ते कार्ड माझ्या आईलासुद्धा दाखवलं नाही. मीही गप्प राहिले. मावशी रोज अंगणात बसून रस्त्याकडे बघायची.

आमच्या बिराजदार सरांचा एक नियम होता. प्रोग्राम चालला की तो हातानं कागदावर उतरवायचा आणि वर्गाच्या भिंतीला चिकटवायचा. "ज्याचं उत्तर दुसऱ्यानं मानायचं, ते कसं काढलं हे त्याला दिसलं पाहिजे," असं ते म्हणत. अकराव्या दिवशी भिंतीला कागद लावताना मी फुशारकीनं महाराजांच्या यंत्राचं सांगितलं.

"त्याचा प्रोग्राम कुणी लिहिला?" सरांनी विचारलं.

"देवानं." पोरं खिदळली.

"तू आत पाहिलंस?"

"एका बटणाला हात लावू देत नाहीत सर. त्याच्यावर बेलाचं पान आहे. ह्या कोपऱ्यात—"

मी आमच्या कॉम्प्युटरवर बोट ठेवलं आणि तिथंच थिजले. ते एस्केपचं बटण होतं. चालता प्रोग्राम थांबवणारं. तो थांबला की 'लिस्ट' एवढंच लिहायचं, आणि आतलं सगळं समोर येतं.

मी घंटेची वाट पाहिली नाही. मावशीला अंगणातून उठवलं आणि थेट आडत गाठली.

"ए पोरी! भस्म होशील!" महाराज ओरडले.

"होते. बसा बघत." मी पान उचललं, बटण दाबलं आणि 'लिस्ट' लिहिलं.

पडदा ओळींनी भरला. मी वाचत गेले. नाव विचारायची ओळ होती. गाव, कुलदैवत, प्रश्न, सगळं विचारायच्या ओळी होत्या. पण त्या उत्तरांचं पुढे काहीच होत नव्हतं. मग एक फासा टाकायची ओळ. एक ते सहा. आणि सहा आकड्यांना सहा उत्तरं, आधीच लिहून ठेवलेली.

म्हाताऱ्या धोंडाबाई पुढे सरकल्या. "म्हंजी माझ्या म्हशीचं अन् हिच्या लेकाचं उत्तर एकाच डब्यातलं?"

"हो आजी. आणि सहाही उत्तरांचं डोकं-शेपूट एकच आहे. थांबा, कोणाला विचारू नका, एकवीस दिवसांनी या."

"ते काहून?" वीरण्णांनी विचारलं.

"थांबलेला माणूस खरंखोटं बघायला जात नाही, मामा. आणि कुणाला विचारायचं नसलं की त्याची चूक कुणी दाखवतही नाही."

टीव्ही फटकन बंद झाला. "लाईट गेली! देव कोपला!" महाराज म्हणाले.

"पंखा तर फिरून राहिलाय!" मागून कोणीतरी ओरडलं. महाराजांच्या हातात उपसलेली वायर होती.

लोक हसले. मावशी हसली नाही. ती चपला शोधत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई, मावशी आणि मी नांदेडला त्या हॉटेलापुढे उभ्या होतो. किशनरावांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि खाली बघत राहिले.

"तीन दिस झाले, माय. लई वाट बघितली त्यानं. येणाऱ्या-जाणाऱ्याला लातूरची गाडी आली का इचारायचा. आम्ही चौघांनी नदीवर नेऊन अग्नी दिला. तुमच्यात, लिंगायतांत, पुरतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. माफ करा."

त्यांनी संगप्पाचा शर्ट आणून दिला. मावशीनं तो घडी करून पदराखाली घेतला.

महिनाभरानं तिनं मला बोलावलं. आडतीतला तो प्रोग्राम मी आठवेल तसा कागदावर उतरवून शाळेच्या भिंतीला लावला होता, त्याची नक्कल तिला हवी होती. तिला वाचता येत नाही.

"वाच."

मी पहिल्या ओळीपासून वाचला.

"ह्यात माझ्या संगूचं नाव कुठं हाय?"

"नाही, मावशी."

"कुठंच?"

"कुठंच नाही."

तिनं कागद घेतला आणि त्यावर बराच वेळ हात फिरवला. माझ्यावर ती एकदाही रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

म्हणून हे लिहिते आहे. कोणी पोथी आणो, अंगारा आणो, नाहीतर कॉम्प्युटर आणो. आधी म्हणा, आत बघू द्या. जे बटण झाकलेलं असेल त्याचंच पान आधी उचला. उचलू देत नसतील तर त्यांचं उत्तर घेऊ नका. आणि माझ्यासारखं कोणी, यंत्र चुकत नाही असं ठासून सांगायला लागलं, तर त्याला विचारा, तू आत पाहिलंस का?

लातूरहून नांदेडची गाडी सकाळी सहाला सुटते. त्या अकरा दिवसांतही ती रोज सुटत होती.